बांधावरचे नगरसेवक

“आधी उतरून बघू या,” असं म्हणत सर चपला काढायचे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडायचे आणि समोरच्या चिखलात पाय घालायचे. बरोबरचे अधिकारी नकाशा धरून बांधावर ताटकळत. नगरसेवक झाल्यावरही ही सवय गेली नाही. असा पुढारी तुमच्या वॉर्डात असेल, तर तुम्ही नशीबवान.

त्याआधी ते आमच्या शाळेत खेळाचे शिक्षक होते. मी मराठी शिकवत असे. सरांचं पापडी गावातलं जुनं ख्रिस्ती घर, मागे माडांची वाडी. पहाटे समुद्रात पोहणं, रविवारी एव्हरशाईन सिटीच्या इमारतींतल्या मुलांना घेऊन तुंगारेश्वरच्या डोंगरात पक्षी बघत भटकणं. निवडून आले तेही या ओळखीवरच. अर्ध्या मतदारांना त्यांनी झाडावर चढायला शिकवलं होतं.

संकट आलं ते खाजणावरून. खाजण म्हणजे गावाबाहेरची भरतीच्या पाण्याची दलदल, तिवरांनी भरलेली. पावसात गावचं पाणी तिथेच उतरतं. एका बिल्डरला तिथे भराव घालून इमारती बांधायच्या होत्या. पक्षाने सरांना पालिकेच्या सभेत भरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितलं होतं. आणि खाजणाचा मोठा तुकडा होता सरांच्या चुलतभावाचा, इनासचा.

सभेच्या आदल्या संध्याकाळी मी सरांच्या ओट्यावर बसलो होतो. इनास आला. बस म्हटलं तरी बसला नाही.

“उद्या हात वर करणार की नाही?”

“नाही.”

“तुला वाडी आहे. माझ्या वाट्याला नुसता चिखल आलाय. तोही विकू देणार नाहीस?”

“पाणी कुठे जाईल, इनास?”

“पाण्याचं पाणी बघेल. तू माझं बघ.”

इनासने जाताना फाटक असं आपटलं की कडी निखळून पडली. दोघांचं बोलणं तुटलं ते तिथेच.

सभेत सर एकटे विरोधात उभे राहिले. प्रकरण पुढे कोर्टात गेलं आणि भराव अडला. तरी कुणाचे तरी डंपर कडेकडेने राडारोडा टाकतच होते. पक्षाने सरांचं तिकीट कापलं. अपक्ष उभे राहिले आणि पडले. निकालानंतर भेटायला गेलो, तर माडांना पाणी घालत होते. “हरल्याचं काही नाही,” म्हणाले. “आपल्याच आळीने पाडलं, ते लागलं.”

त्याच वर्षी पावसाळ्यात एका दुपारी पाणी चढू लागलं. आमच्या सोसायटीचा तळमजला बुडाला. म्हाताऱ्यांना उचलून वर नेलं. खाजणाच्या बांधाखालची पाणी जायची मोरी राडारोड्याने बुजली होती. ओहोटी होती तोवरच ती मोकळी करता येणार होती. भरती लागली की सगळंच हाताबाहेर.

सर पहार आणि दोर घेऊन आले. खाडीकाठचा एक शेतकरी आडवा आला. “सर, नका उतरू. पानी लय ओढतंय.”

“दोर कोण धरतं?” सरांनी विचारलं.

कुणी पुढे होईना. मग गर्दीतून इनास आला. एक शब्द न बोलता त्याने दोराचं टोक स्वतःच्या कमरेला बांधलं.

सर उतरले. छातीभर पाण्यात पहारीचे घाव ऐकू येत होते. मग डोकं पाण्याखाली गेलं आणि घाव थांबले. दोर ताठ झाला, इनासचे पाय बांधावरून घसरायला लागले. आम्ही त्याला मागून घट्ट धरलं. एकदम आत काहीतरी फुटलं आणि पाणी गर्जना करत मोरीतून सुटलं.

“बस झालं! वर ये! अरे, वर ये!” इनास ओरडत होता.

चिखलाने माखलेला चेहरा वर आला. धापा टाकत सर हसले. “बोललास एकदाचा!”

संध्याकाळपर्यंत आमचे जिने मोकळे झाले. थोड्याच दिवसांत सरांना ताप भरला. लेप्टो, डॉक्टर म्हणाले, तुंबलेल्या घाण पाण्यातून होतो तो. इनास हॉस्पिटलच्या बाकावरून हलला नाही. सर घरी परत आले नाहीत.

खटला अजून चालू आहे. बिल्डरची माणसं अजूनही इनासकडे येतात. तो त्यांना काय सांगतो, मी विचारलेलं नाही.

परवा बांधावर गेलो, तर तो एकटाच उभा होता. समोर चिखलात पक्षी उतरले होते.

“लांबून येतात म्हणायचा,” इनास म्हणाला. “सगळ्यांची नावं सांगायचा. मी कधी ऐकून घेतलं नाही.” मग त्याने हात लांब केला. “मास्तर, त्या वाकड्या चोचीच्याला काय म्हणतात?”

मलाही माहीत नव्हतं.