मारुतीच्या गळ्यातले बेगल

माझे वडील शेषाद्री राव यांना किळस येत नाही अशी वस्तू कुंभकोणम्‌मध्ये अजून सापडायची आहे. एकतीस वर्षं त्यांनी अन्ननिरीक्षकाची नोकरी केली, म्हणजे लोकांच्या स्वयंपाकघरात शिरून नाक मुरडण्याचा पगार घेतला. दिवसभर जे पाहिलं ते संध्याकाळी आमच्या पानात वाढलं. सांबारातली पाल, पायसातला केस, परोट्याचं पीठ मळताना मास्टरच्या कोपरावरून ठिबकणारा घाम. आम्ही भात कालवत असायचो आणि अप्पा सांगत असायचे. दहा वर्षांची असताना एकदा मी पानावरच ओकले, तर आमच्या तंजावरी मराठीत म्हणाले, "बेस जाहलें. आतां बाहेरचं खाणं मागणार नाहीस."

अशा माणसाच्या घरात मी बेगल करायला घेतले.

बेगल म्हणजे मैद्याचं जाडजूड कडं. आधी उकळत्या पाण्यात सोडायचं, मग भट्टीत भाजायचं. बाहेरून चकचकीत, आत चिवट. पुण्यात नवऱ्याच्या घरी असताना एका बेकरीत काम करून मी ते शिकले. नवरा सोडला, बेगल सोडले नाहीत. तिरुविसनल्लूरच्या वाटेवर परदेशी पाहुण्यांसाठी एक नवी लॉज झाली आहे. तिथलं स्वयंपाकघर बघणाऱ्या शिवरंजनीनं माझे बेगल खाल्ले आणि म्हणाली, परवाना आण, रोज तीस घेते. परवाना घरच्या पत्त्यावर काढायचा होता. घर अप्पांच्या नावावर, म्हणजे संमतीपत्रावर सही त्यांची. दोन वर्षं मी या घरात परत आलेली मुलगी म्हणून राहत होते. त्या एका सहीवर मला कमावती बाई म्हणून राहता आलं असतं.

अप्पांनी कागद वाचला, दोनदा, आणि घडी घालून चष्म्याच्या डबीखाली ठेवला. "खाल्ल्यावांचून मीं कधीं पास केलों नाहीं."

"मग खा ना अप्पा."

यावर ते पेपर वाचू लागले. मी परत आल्यापासून त्यांनी माझ्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. मी ताक वाढायला गेले की त्यांचं पोट भरलेलं असे. तोंडानं कधी काही बोलले नाहीत. बोलले असते तर निदान भांडता आलं असतं.

खाणार नव्हते, पण तपासायला मात्र रोज येत. माझी आई सुब्बलक्ष्मी, आमची अम्मा, हिच्या सोवळ्याच्या स्वयंपाकघरात यीस्टला मज्जाव, म्हणून माझी भट्टी मागच्या पडवीत. तिथे ते नोकरीतली टॉर्च घेऊन उभे राहत. माझी नखं बघत. फुगलेल्या पिठाचा वास घेऊन म्हणत, "कळ्ळूचा वास येतो. ताडीच्या दुकानांत आलों जणूं." गुळाच्या पाण्यातून मी एकेक कडं झाऱ्यानं काढत असे. खरं सांगायचं तर त्या क्षणी बेगल दिसतो भयंकरच, पांढराफटक, बुळबुळीत, सुजलेला. अप्पा वाकून बघत आणि विचारत, "हें कोणाचं कान कापून आणलीस?" मग आवळ्याएवढी थुंकी अंगणात टाकत. माझ्या पिठात कण सापडत नव्हता आणि हा स्वच्छतेचा अधिकारी माझ्या भट्टीपासून चार हातांवर थुंकत होता. मला त्या थुंकीची किळस येई आणि तिच्याहून जास्त त्यांची येई. बापाची किळस यावी याची लाज वाटते खरी. पण येई.

हे सगळं अम्मा बघत होती. ती आयुष्यभर अप्पांसमोर ब्र न काढता जगली आहे. तिची सगळी गाऱ्हाणी कोपऱ्यावरच्या मारुतीकडे जातात आणि अडलेल्या कामासाठी मारुतीला वडमाळ, म्हणजे भोकाच्या उडीदवड्यांची माळ घालायची, हे आमच्याकडे पोरंसोरंही जाणतात. शनिवारी सकाळी मी भट्टीतून काढून ठेवलेले अठरा बेगल जागेवर नव्हते. अम्माही नव्हती.

तासाभरानं ती घामाघूम होऊन आली. हातात केळीचं पान, पानात बेगल. मी कपाळाला हात लावला.

"अम्मा, काय केलीस?"

"भोक आहे तें वडाच की ग," ती म्हणाली. "सुतळींत ओंवलें, घातलें. पुजाऱ्यानं कांहीं विचारला नाहीं."

आता त्या बेगलांची अवस्था सांगते. तेलानं माखलेल्या मूर्तीच्या गळ्यात ते लोंबले होते. वर शेंदूर लागला होता, एकाला लोणी. विभूतीनं भरलेल्या बोटांनी पुजाऱ्यानं ते ओढून काढले होते, बाकीचे गाभाऱ्याबाहेरच्या रांगेत वाटून टाकले होते, आणि उरलेल्या तिन्हींवर बसून एक माशी पायाला पाय घासत होती. हॉटेलात असं काही दिसलं असतं तर अप्पांनी टाळं ठोकलं असतं.

अम्मानं पान त्यांच्यापुढे धरलं. "मारुतीचं प्रसाद. घ्या."

अप्पांनी ओळखलं. न ओळखायला काय झालं, रोज टॉर्च मारून बघितलेला माल. पण प्रसादाला नाही म्हणण्याची त्यांची छाती नाही. त्यांनी माशी हाकलली, बेगल डोळ्यांना लावला आणि दात रोवला. चावत राहिले. गालाची हाडं वरखाली होत होती आणि शेंदराचा ओघळ हनुवटीवर आला होता. शेवटचा तुकडा तोंडात टाकून त्यांनी डबीखालचा कागद काढला, तेलकट बोटांनीच सही केली आणि म्हणाले, "देवानं घेतला. आम्ही कोण?"

दुसरा खाल्ला. तिसराही. जीभ ओठांवरून फिरवत त्यांनी माझ्याकडे पाहिलं, दोन वर्षांत पहिल्यांदा नीट पाहिलं.

"आणखी आहे?"

मी धावले. दुसऱ्या खेपेचे सहा नुकतेच निघाले होते. धुतलेल्या ताटलीत, वर तीळ, कडा तडकलेल्या, वाफ येत असलेला एक मी त्यांच्यापुढे केला. त्यांचा हात ताटलीपर्यंत आला.

"मारुतीला दाखवलीस?"

"नाही अप्पा. आत्ताच काढला, भट्टीतून. माझ्या हातचा."

त्यांनी हात मागे घेतला आणि पंच्याला पुसला.

"मग राहूंदे," म्हणाले.