चकचकीत

आप्पा गेल्याचा फोन आला तेव्हा मी मोखाड्याच्या बाजारात नागली घेत होते. भाच्याला बोलवेना, आणि मी मेली त्याच्यावरच खेकसले, "बोल की नीट!" मग तो नीट बोलला… जीपने जव्हारला पोचेपर्यंत मी रडले नाही. एकच मनात येत होतं, माझा भाऊ त्या बंदुकीच्या तावडीतून तरी सुटला.

आप्पा पोलिसात हत्यारं दुरुस्त करायचा. निवृत्त होऊन जव्हारला आला आणि पडवीत कामाचा बाक मांडून बसला. जुन्या घरांतल्या भिंतींवर टांगलेल्या, नळी कायमची बुजवलेल्या लष्करी रायफली त्याच्याकडे येत, त्याही बहुतेक एकाच दुखण्यापायी. रायफलीवर मागच्या अंगाला नेम धरायची एक पट्टी असते, उभी करता येणारी. तिच्यावर एक सरकता तुकडा, बाजूला अंतराचे आकडे. लांबचा नेम असला की तुकडा वर सरकवायचा. गंजाने तो जागीच धरून बसतो. आप्पा त्याला रॉकेल पाजून दिवसचे दिवस वाट बघायचा, जुन्या टूथब्रशने घासायचा, पण हातोडी लावायचा नाही. "नेमाला शिस्त म्हणतात, माई," मला सांगायचा, "आणि शिस्त काही मारून लागत नाही." मी जन्मभर शाळेत छडी चालवलेली बाई! मला हसूही यायचं आणि रागही.

एका रायफलीच्या पट्टीची कड खाचाखाचांची होती. ओबडधोबड, वेड्यावाकड्या. आप्पाला वाटलं, कुणीतरी पक्कड लावून वाट लावलीय. त्यात पोलिसातली सवय, हत्यारात तोंड दिसलं पाहिजे. त्याने कानस मारून कड सपाट केली, पॉलिश काढलं आणि मला हाक मारली. मीही म्हटलं, "अगं बाई, नवीकोरी झाली की!"

रायफल परत द्यायला आम्ही दोघं गेलो, तर तिच्या मालकांच्या ओटीवर ती बघायला जामसरचे देवजीबाबा येऊन बसले होते. त्यांचा आजा संस्थानात शिपाई होता आणि ही त्याच्याच हातातली रायफल. पहाऱ्यावर असताना तो नातवाला शेजारी बसवायचा. बाबांनी पट्टी उभी केली, कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.

"खुना कठं गेल्या?"

आज्याला इंग्रजी आकडे येत नव्हते. त्याने आपली अंतरं खाचांनी कोरून ठेवली होती, ही नदीपर्यंतची, ही पल्याडच्या टेकाडापर्यंतची. नातवाचा अंगठा धरून त्याने त्या शिकवल्या होत्या. हे ऐकताना आप्पाच्या तोंडचं पाणी पळालं. बाबा चिडले असते, चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. ते एवढंच म्हणाले, "ऱ्हाऊं दे, भाऊ. चकचकीत केलंस बाकी."

घरी आल्यावर मी आप्पाला सोडलं नाही. "कानस लावण्याआधी कुणाला विचारायला काय झालं होतं? डोळे होते की बटणं?" नवीकोरी म्हणून मीच वाखाणली होती, ते सोयीस्कर विसरले. मग एकदा तो जामसरला जाऊन आला. बाबांना म्हणाला, कुठे होत्या ते सांगा, मी तशाच पाडून देतो. बाबा म्हणाले, "तू पाडशील त्या तुझ्या व्हतील." त्यानंतर त्याने दुसऱ्या कुणाची रायफल हातात धरली नाही. बाजारात जामसरचं कुणी दिसलं की तो गल्ली बदलायचा. बाकाशी मात्र रोज बसायचा, कोपर टेकून, कानस हातात घेऊन, लाकडाच्या कडेवर उगीच टकटक करत… शरमेने माणूस वाळतो, हे मी डोळ्यांनी पाहिलं. तरी टोमणे मारायची माझी खोड गेली नाही.

दिवस झाले, पाहुणे पांगले, तसं मी घर आवरायला काढलं. पडवीतला बाक तेलाने काळाकुट्ट झालेला, एका बाजूला कोपराचा खळगा, कडेला कानशीचे टोचे. भाच्याच्या मुलीला अभ्यासाला होईल म्हणून मी सुताराकडून त्याला रंधा मारून घेतला आणि वरून पॉलिश. कसा झाला म्हणून सांगू!

त्याच आठवड्यात देवजीबाबा आले. त्यांना उशिरा कळलं होतं. पाणी प्यायले, मग म्हणाले, "भाऊ बसायचा ती जागा कंची?" मी मोठ्या तोऱ्यात बाक दाखवला. ते बाकाशी टेकले. कडेवरून अंगठा फिरवला. पुन्हा फिरवला.



"ऱ्हाऊं दे, बाय," ते म्हणाले. "चकचकीत केलंस बाकी."

चहा ठेवते म्हणून मी आत पळाले. चहा उकळून उकळून आटला, तरी बाहेर जायला पाय उचलेना. आप्पा गल्ली का बदलायचा, ते मला तिथे, गॅसपाशी उभी असताना कळलं.