पहिला पेला

पाणीपुरवठ्याच्या टाकीवर त्यांना नावाने कुणी हाक मारत नसे. सगळ्यांचे ते पाणीमास्तर. टाकी धुऊन भरली, क्लोरीन तपासलं, की मास्तर नळाखाली पेला धरत आणि सगळ्यांदेखत गटागटा पिऊन टाकत. मग कुठे ‘पिण्याचे पाणी’ ही पाटी नळावर चढायची. एखादा नवखा फिटर घाई करू लागला की म्हणत, “नितळ दिसतं म्हणून ते पिण्याचं होत नाही रे. पहिला पेला माझा, मग गावाचा.”

घरातही तोच कारभार. सून नवी होती तेव्हा तिने वापरायच्या पाण्यातला तांब्या पिण्याच्या हंड्यात बुडवला. मास्तरांनी अख्खा हंडा झाडांना ओतला, घासून पुन्हा भरला. बिचारीला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं. पण ते आधी स्वतः पेलाभर पाणी प्यायले, दुसरा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, “हं, पी पोरी.” बाप लहानपणीच गेलेल्या त्या पोरीला त्या दिवशी बाप मिळाला.

आता म्हातारपणी त्यांच्या डोक्यातलं एकेक निसटत चाललं होतं. सुनेला ते कधी नर्सबाई म्हणत, कधी शेजारीण. तेही तिने गोड मानून घेतलं. पण अलीकडे त्यांनी पाणीच टाकलं. पेला पुढे केला की एकच प्रश्न, “तपासलंय का?” ‘हो’ म्हटलं तरी विश्वास नाही. डॉक्टरांनी बजावलं, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. परक्या माणसांत ते उरलेसुरलेही हरवून जातील, या धास्तीने तिच्या तोंडचं पाणी पळालं.

तिने पुठ्ठ्यावर ठळक अक्षरांत ‘पिण्याचे पाणी’ लिहून हंड्याला टांगलं. मास्तरांनी चष्मा लावून ते वाचलं.

“अक्षर छान आहे हो, बाई. पण नुसतं लिहून भागलं असतं, तर मला पगार कशाला दिला असता?”

थट्टा करायची खोड तेवढी शाबूत होती!

दुपारी ती हात टेकून त्यांच्या खाटेशी बसली. सकाळपासून त्यांच्या मागे लागताना तिने स्वतःच घोटभर पाणी घेतलं नव्हतं. घसा कोरडा पडला होता. त्यांच्यासाठी भरलेला पेला तिने नकळत ओठांशी नेला.

मास्तरांनी तिचं मनगट घट्ट धरलं.

“वेड लागलंय का? काही झालं म्हणजे? आण इकडे. आधी मी.”

आणि मास्तरांनी पेला तळापर्यंत रिकामा केला. थोडा वेळ पोटावर हात ठेवून बसले. मग स्वतः हंड्यातून पेला भरून तिच्यापुढे धरला.

“हं. पिण्याचं आहे. पी पोरी.”

किती दिवसांनी ‘पोरी’ म्हणाले! ती रडत रडतच ते पाणी प्यायली.

दवाखाना टळला. आता ती दिवसातून कितीदा तरी त्यांच्यासमोर पेला आपल्या तोंडाशी नेते. ही कोण, ते मास्तरांना आठवत नाही. तरी दरवेळी ते धडपडत उठतात आणि तिला वाचवतात.