पांढऱ्या भाताचा उपास

बू रुबिनेम नवरीमुलींच्या कपाळावर काळ्या रेघा काढायच्या. सोलो शहरात नवरी सजते ती कपाळापासून. मधली मोठी पाकळी, बाजूच्या लहान, सगळं केसभर अचूक. चाळीस वर्षांत त्यांचा हात हलला नव्हता. आता डोळा दगा देत होता. उजव्यात मोतीबिंदू, रक्तात साखर तीनशे चाळीस, आणि वजनाच्या काट्याला तर त्यांची धास्तीच बसलेली.

दोन महिन्यांवर वेनिंगचं लग्न. आई गेल्यापासून ही भाची बूंच्याच घरात वाढली, त्यांना बुदे, म्हणजे मोठी मावशी, म्हणत. तिचं कपाळ दुसऱ्या कुणी रंगवायचं, हे ऐकूनही बूंना शिवी दिल्यासारखं वाटे.

डॉक्टर लारास म्हणाल्या, "साखर दोनशेच्या खाली आणा, मग ऑपरेशन. भात बंद, गोड चहा बंद."

"साखर नाही तर तो चहा कसला? पातेलं विसळलेलं पाणी."

"तेच प्या."

बू प्यायल्या. पाच आठवडे पालेभाजीचं पातळ सार, सोयाबीनचं तेंपे आणि अंडी. नवरा पाक सादिमिन समोर बसून म्हणायचे, "तू अशी उपाशी, मला घास गिळवत नाही गं," आणि भात पुन्हा वाढून घ्यायचे. साखर एकशे साठवर आली. सहा किलो उतरले. गल्लीतल्या बायका हळूच विचारू लागल्या, आजार कुठला?

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी बोटाला सुई टोचली. दोनशे शहाऐंशी.

लारास यंत्राकडे बघत राहिल्या. "काय खाल्लंत?"

"काही नाही. तीन दिवस कडक उपास केला."

"उपासाला काय चालतं?"

"पांढरा भात आणि पाणी. मीठसुद्धा नाही." बूंच्या आवाजात अभिमान होता. मोठ्या कामाआधी त्यांच्या गुरूबाई पितरांसाठी हेच करायच्या.

"किती भात?"

"पोटभर. ऑपरेशनला अंगात ताकद नको?"

पाक सादिमिन खिडकीकडे तोंड करून खोकले. तो खोकला नव्हता.

नवी तारीख मिळाली, लग्नाच्या दहा दिवस आधीची. "आता उपास नाही," लारास म्हणाल्या.

"डोळ्यासाठी नाही करत. पण वेनिंगसाठी करावाच लागेल. त्याशिवाय नवरीच्या तोंडावर तेज येत नाही."

"आणि साखर चढून तुम्ही नवरीच्या अंगावर पडलात तर? माझ्या लग्नात तर सजवणाऱ्या बाईंनी असला काही उपास केला नव्हता."

"दिसतंय ते."

"तुला दिसतंय कुठे?" पाक सादिमिन म्हणाले.

लारास हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "नियम भाताचा आहे, की पांढऱ्याचा?"

"पांढऱ्याचा. पण गुरूबाईंच्या घरात भाताशिवाय पांढरं होतंच काय?"

"टोफूचा रंग कोणता?"

बू बोटांवर पांढरं मोजू लागल्या. "अंड्याचं पांढरं मात्र नको. तो जीव आहे."

डोळा झाला. लग्नाआधी तीन दिवस बूंनी बिनमिठाचा उकडलेला टोफू खाल्ला. एकदाही चांगला म्हणाल्या नाहीत. "आता पितरांनाही पथ्य लागलं," पाक सादिमिन शेजाऱ्यांना सांगत फिरले.

लग्नाच्या सकाळी साखर एकशे बावन्न. वेनिंग आरशासमोर बसली. आरशाच्या कडेला बूंनी गेल्या दोन वर्षांत सजवलेल्या नवरीमुलींचे फोटो खोचलेले होते. बूंनी पेन्सिल उचलली, फोटोंकडे पाहिलं आणि त्या थांबल्या.

"सगळ्यांच्या पाकळ्या डावीकडे कललेल्या आहेत."

"हो, बुदे."

"तुला माहीत होतं?"

"अख्ख्या गल्लीला माहीत होतं."

"मग बोलली का नाहीस, नालायक?"

"तुम्हाला सांगायची कुणाची छाती आहे? पण मी दुसऱ्या कुणाला बोलावलं का?"

बूंनी तिची हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं. "रडवू नकोस. डॉक्टरांनी डोळ्याला पाणी लावायला मनाई केलीय. आता हलू नकोस."

आणि मधली रेघ त्यांनी एका श्वासात सरळ ओढली.