बागेकडचे सहा प्लॉट

श्रावणातला दुसरा सोमवार, सकाळचे सव्वादहा. ठाण्यात हजर: मी (प्रभारी अधिकारी), ठाणे अंमलदार, एक महिला हवालदार आणि वायरलेसवरचा शिपाई. बाकी सगळे औंढ्याला, नागनाथाच्या गर्दीच्या बंदोबस्तावर. अर्जदार: एक आरोग्यसेविका, वय बावन्न, आणि त्यांचे पती, व्यवसाय शिलाईकाम.

हे त्या दिवशीच्या टिपणातून उतरवलं आहे. यादी केल्याशिवाय मी कधी तपासाला हात घातला नाही. त्या सवयीनं बरीच प्रकरणं सुटली, हेही सुटलं. तरी निवृत्तीनंतर नोकरीतल्या ज्या सकाळी न बोलावता समोर येऊन बसतात, त्यांत ही पहिली आहे. गावाचं आणि माणसांचं नाव देत नाही. जिल्ह्यातल्या वाचकांनी ओळखण्याच्या भानगडीत पडू नये.

बाईंनी सेनगाव तालुक्यातल्या उपकेंद्रांवर अख्खी नोकरी काढली होती. सगळे त्यांना सिस्टर म्हणत, मीही तेच म्हणतो. त्यांनी पिशवीतून कागद काढून टेबलावर क्रमानं मांडले: खरेदीखत, त्याला जोडलेला नकाशा, बँकेचं कर्ज मंजुरीपत्र, वीजबिल, आणि शेवटी नगरपरिषदेची नोटीस. आपले बांधकाम मंजूर रेखांकनातील उद्यानाच्या खुल्या जागेवर असून ते तीस दिवसांत काढून घ्यावे, असं तीत लिहिलं होतं.

सिस्टर बोलल्या, तेही आवाज न चढवता. "साहेब, नोकरीत अकरा क्वार्टर बदलले. प्रत्येक ठिकाणी खिळा ठोकताना मनात यायचं, भिंत सरकारची हाय. ही भिंत आपली म्हणून ठोकला, तं ही बी सरकारचीच निघाली."

मी अर्ज ठेवून घेतला आणि त्यांना गुरुवारी बोलावलं. खरं सांगायचं तर मला ते किरकोळ प्रकरण वाटलं. आपल्याकडे शेताचं प्लॉटिंग झालं की हद्दीचे दगड ट्रॅक्टरच्या धक्क्यानं सरकतात. माणूस एक दगड चुकतो आणि शेजाऱ्याच्या जागेवर पाया घेतो. असे तंटे महिन्याला दोन तरी येत. इथंही सिस्टरच चुकल्या असतील, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी जागेवर गेलो. बायपासच्या कडेला, चार-पाच वर्षांपूर्वी सोयाबीन असलेल्या रानात, कॉलनी उभी राहिली होती. मुरमाचे रस्ते, भिंत नसलेली कमान, कमानीवर लाडवांसारख्या गोल अक्षरांत फलक. घरं दाटीनं वाढत होती. जिथं एक मजला मंजूर तिथं दुसऱ्याच्या सळया आधीच वर काढलेल्या. खरेदीखतातली चतुःसीमा मी पंचांसमक्ष ताडून पाहिली. पूर्वेला नऊ मीटरचा रस्ता, पश्चिमेला अमुक प्लॉट, सगळं बराबर होतं. सिस्टर एक फूटही चुकल्या नव्हत्या.

मग नगरपरिषदेतून मंजूर नकाशा मागवला. त्यात त्या जागी प्लॉटच नव्हते. हिरव्या रेघांचा एक चौकोन आणि आत 'उद्यान' असा शब्द. सिस्टरच्या खरेदीखताला जोडलेल्या रंगीत नकाशात त्याच चौकोनात सहा प्लॉट आखलेले. सहाही विकले गेले होते. तिघांची घरं उभी, एकाचं जोत्यापर्यंत, दोन मोकळे.

नोटीस आपोआप निघाली नव्हती. कॉलनीतल्या चाळीसेक लोकांनी सह्या करून बाग मागितली होती. पहिली सही एका निवृत्त गृहस्थांची. त्यांचं ब्लडप्रेशर सिस्टर दर रविवारी घरी जाऊन बघत. मी त्यांना भेटलो. चहा आला. म्हणाले, "सिस्टर एकदम भल्या. त्यांच्या घरभरणीला आम्ही सगळे जेवून आलो. त्यांच्याशी आमचं काही नाही. पण साहेब, बाग म्हणजे बाग." मी विचारलं, गेल्या रविवारी त्या आल्या होत्या का. आल्या होत्या, म्हणाले, आणि कपाकडे बघत बसले.

प्लॉटिंग करणाऱ्या माणसाला तालुक्यात सगळे शेठ म्हणत. त्याला बोलावण्याआधीच खबर मिळाली, ती नोंदणी कार्यालयासमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून. हा आधी शेठच्या ऑफिसात गिऱ्हाइकांना जागा दाखवायला होता. समोर बसला तेव्हा त्याला घाम फुटला होता. पण माणसाला जे सांगायचंच असतं ते तो विचारण्याआधी सांगतो, हा माझा अनुभव. त्याचं म्हणणं असं: गिऱ्हाईक आलं की शेठ त्याला पाणी द्यायचा, गाव विचारायचा, मूळ कुठलं, पाव्हणे कोणाकडचे हे विचारायचा. मग कधी म्हणायचा "साइट दाखव", कधी म्हणायचा "बाग दाखव". साइट म्हटलं की मंजूर नकाशा. बाग म्हटलं की दुसरा, रंगीत.

"आणि गिऱ्हाइकाला काय वाटायचं?" मी विचारलं.

"खूश व्हायचे, साहेब. बागेकडचा प्लॉट म्हनल्यावर कोन खूश होनार न्हाई?"

फसवणूक सिद्ध होत होती. पण गिऱ्हाईक निवडण्याची रीत मला कळेना. मी सहा जणांची यादी केली आणि शेजारी त्याच काळातल्या इतर वीस खरेदीदारांची. रकाने आखले: प्लॉट क्रमांक, नोंदणीचा महिना, कर्ज देणारी बँक, साक्षीदार, व्यवसाय. सहांत एक आरोग्यसेविका, एक तहसील कार्यालयातला लिपिक, एक शिक्षक, एक बँडपथकवाला, एक एसटीचा वाहक, एक महावितरणचा लाइनमन. दिवसभर यादीकडे बघितलं. काही जुळेना. ज्याला गंडवायला सोपा म्हणतात तसा त्यांत एकही नव्हता.

महिला हवालदार केस डायरी घेऊन आल्या. मी म्हटलं, बघा बरं तुम्ही, काही दिसतं का. त्यांनी यादी हातात घेतली नाही. लांबूनच म्हणाल्या, "साहेब, आडनावं वाचा."

मी वाचली. चार बौद्ध. एक मातंग समाजातला, तो बँडवाला. एक तांड्यावरचा, तो शिक्षक. इतर वीस नावांत असं एकही नव्हतं.

"तुम्हाला कधी दिसलं हे?"

"सिस्टरनं सोमवारी कागद मांडले, त्यांचं आडनाव वाचलं, तेव्हाच शंका आली."

"मग बोलला काहून न्हाई?"

"तुमच्या यादीत त्याचा रकाना न्हवता, साहेब."

त्यांचं स्वतःचं आडनाव त्या सहांत सहज बसलं असतं. त्या डायरी ठेवून गेल्या.

शेठला दुसऱ्या दिवशी अकराला बसवलं. ठाण्यात खुर्ची देण्याचा माझा नियम होता. उभा माणूस खोटं बोलायला मोकळा असतो, बसलेल्याला हात कुठं ठेवावेत कळत नाही. शेठ मात्र आरामात बसला. आधी म्हणाला, नकाशा काढणाऱ्याची चूक. मी झेरॉक्सवाल्याचा जबाब वाचून दाखवला. मग सूर बदलला. राग नाही, दटावणी नाही. समजावून सांगायला लागला, धंद्यातला माणूस नवख्याला सांगतो तसं.

"साहेब, माझा कोनाशी वाकडेपणा न्हाई. पोरीच्या लग्नात सगळ्या समाजाची पंगत एकच बसवली मी. पन गिऱ्हाईक पहिले काय इचारतंय? पानी न्हाई इचारत, रस्ता न्हाई. वस्ती कशी हाय, हे इचारतंय. मी काय करू? मिसळून टाकलं तं बाकीचे प्लॉट पडून राहतेत. न्हाई म्हनलं तं तुमच्यासारखे साहेब नोटीस धाडतेत. म्हनून बागेकडं टाकले. एकाला बी मी परत धाडलं न्हाई, हे लिहा."

"आणि बाग?"

"बाग तं लोकं मागनारच होते कवा तरी."

म्हणजे त्यानं हे पुढचंही धरलेलं होतं. एक दिवस कॉलनी बाग मागेल, नोटीस निघेल, सहा घरं उठतील. कोणी कोणाला जा म्हणायची गरज पडणार नाही. सगळं कायद्यानं होईल.

लेखनिक हवालदार जबाब लिहीत होता. तो थोडा पुढं वाकला आणि हसला, ओळखीच्या माणसाशी हसतात तसं. "साहेब, तुमी बी आले होते की वहिनींना घेऊन. तुमी काय इचारलं होतं?"

हवालदारानं पेन थांबवलं. मी त्याला बाहेर जाऊन पाणी आणायला सांगितलं.

मी गेलो होतो. या जिल्ह्यात बदली झाली त्या पहिल्या वर्षी, निवृत्तीनंतर इथंच राहावं का, या विचारानं. जागेवर पंचनाम्याला गेलो तेव्हा नाही, झेरॉक्सवाल्यानं बाग हा शब्द उच्चारला तेव्हाही मला तिथलं ते बोलणं आठवलं नव्हतं. हे खरं आहे, आणि तेच जास्त लागतं. आता सगळं आठवलं. काचेचं टेबल, भिंतीवरचा नकाशा. मी विचारलं होतं, वस्ती कशी आहे? शेठ म्हणाला होता, एक नंबर साहेब, तसे लोक आले तर बागेकडं टाकतो, तिथं तरी किती दिवस राहतील? मी याचा अर्थ विचारला नाही. मान डोलावली आणि बोअरला पाणी किती फुटांवर लागतं, ते विचारलं. घरी जाऊन जुनी डायरी काढली. त्या दिवशीची नोंद एवढीच: 'प्लॉट पाहिला. पाणी एकशे दहा फूट. वस्ती चांगली.' पुढं भाव पटला नाही म्हणून तो विषय सोडला. सिस्टरचं खरेदीखत माझ्या त्या भेटीनंतर पाच महिन्यांनी झालं.

नियमाप्रमाणे मी दोन गोष्टी करायला हव्या होत्या. एक, मी या प्रकरणात साक्षीदार आहे असं वरिष्ठांना कळवून तपास दुसऱ्याकडे द्यायचा. दोन, सहांपैकी पाच अनुसूचित जातींतले असल्यानं अत्याचार प्रतिबंधक कायद्याचं कलम लागू होतं का, यासाठी उपअधीक्षकांना अहवाल पाठवायचा. तो तपास त्याच दर्जाचा अधिकारी करतो. मी दोन्ही केल्या नाहीत. फसवणूक आणि बनावट दस्तऐवज एवढ्या कलमांवर दोषारोपपत्र पाठवलं. माझ्यावर कोणाचा दबाव नव्हता, फोन नव्हता. कागद पूर्ण होते, मुदतीत गेले, आणि वरून शाबासकीचं पत्र आलं. ते पत्र अजून फायलीत आहे.

महिला हवालदारांनी दोषारोपपत्राची प्रत वाचली. फक्त म्हणाल्या, "साहेब, आडनावांचा कागद जोडायचा राहिला का?" मी म्हटलं, त्याची आवश्यकता नाही. त्यांनी सॅल्यूट केला. नंतर माझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभाला त्या आल्या नाहीत. रजेवर आहेत असं कळलं.

शेठ जामिनावर सुटला. वारंगा फाट्याकडे त्याचं नवीन प्लॉटिंग सुरू आहे, तिथंही कमान आधी उभी राहिली.

या प्रकरणानं काय शिकवलं, असं लोक विचारतात, तेव्हा मी फसवणुकीपासून वाचण्याची यादी सांगतो: मंजूर नकाशा स्वतः जाऊन बघा, चतुःसीमा जागेवर ताडा, खुली जागा कुठं आहे ते विचारा. ही यादी उपयोगाची आहे. पण सिस्टरला ती वाचवू शकली नसती. त्यांना विकणाऱ्यानं एकट्यानं फसवलं नाही. शेठच्या टेबलासमोर बसून तो एक सभ्य प्रश्न विचारणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकानं त्या रंगीत नकाशात एकेक रेघ ओढली. त्यातली एक माझी. आम्ही कोणालाच काही बोललो नाही, म्हणून आम्हाला वाटत राहिलं की आम्ही काही केलंच नाही.

सिस्टरचं घर अजून उभं आहे. दिवाणी न्यायालयानं 'जैसे थे'चा हुकूम दिला आहे. सहा जणांचं मागणं असं, की शेठनं नातेवाइकांच्या नावावर ठेवलेले त्याच कॉलनीतले कोपऱ्याचे प्लॉट आम्हाला बदल्यात द्यावेत. शेठ अजूनही नकाशा काढणाऱ्याची चूक यावरच अडून आहे. सहा जणांच्या वकिलांनी मला शोधून काढलं. त्यांना कोणी सांगितलं, ते मी विचारलं नाही. म्हणाले, पोलिसांसमोर त्यानं जे सांगितलं ते पुरावा म्हणून चालणार नाही. पण विक्रीच्या आधी, गिऱ्हाईक म्हणून तुम्ही स्वतः जे ऐकलं ते चालेल. त्याला आधीपासून सगळं माहीत होतं, हे सांगणारे तुम्ही एकटेच आहात.

शपथपत्राचा मसुदा त्यांनी पाठवला आहे. पहिले चार मुद्दे मी भरले: नाव, वय, त्या वेळचा हुद्दा, भेटीचा दिवस. सहाव्यात शेठचं उत्तर, तेही भरलं, शब्दशः. पाचव्यात मी त्याला काय विचारलं ते लिहायचं आहे. पुढची तारीख येत्या गुरुवारी आहे. पाचवा मुद्दा अजून कोरा आहे.