कुणाचं डावं?

आमच्या लालबागच्या चाळीत जयवंतरावांना रस्ता कोणी विचारत नाही. ते डावीकडे म्हणाले की माणूस हमखास चुकतो. दोष त्यांचा नाही, मानाचा आहे. आमच्या मंडळाचा गणपती गल्लीतून बाहेर काढताना गाड्यापुढे उलटं चालत जायचा मान त्यांचा. देवाला पाठ दाखवायची नाही, म्हणून तोंड बाप्पाकडे, आणि "डावं घे!" म्हणून ओरडायचं ते बाप्पाचं डावं, म्हणजे स्वतःचं उजवं. वर्षानुवर्षं असं चालून त्यांचं डोकं तसंच बसलं.

"समोरच्याच्या जागी उभं राहून बघावं लागतं," असं ते येताजाता सांगतात. माझी खोली शेजारची, त्यामुळे माझे कान किटले आहेत.

जयवंतराव गिरणीच्या साचेखात्यात, मागावर होते. संप झाला तेव्हा ते घरी बसले आणि ठामपणे बसले. त्यांची बायको, आमच्या मालनवहिनी, मसाला कांडायच्या डंखावर मिरच्यांची देठं काढायला जायच्या. संध्याकाळी डोळे चोळत परत आल्या की जयवंतराव त्यांना गिरणी मालकांचा डाव समजावून सांगायचे. त्या काळात त्यांनी घरात एकच काम केलं. स्वयंपाकाच्या कोपऱ्यात, माठाच्या वर, डब्यांसाठी एक भक्कम फळी ठोकली. पुढे गिरणी गेली, ते एका पार्सल कंपनीत चिकटले, तिथून निवृत्त झाले. फळी मात्र हलली नाही.

परवाच्या वर्षी त्यांची नात दुर्वा शाळेच्या रोबोटच्या टीममध्ये गेली. रोबोट म्हणजे चाकांवरचा खोका, पुढे चिमटा. स्पर्धेत चेंडू उचलून टोपलीत टाकायचे, चालवणाऱ्याने बाहेर उभं राहून रिमोटची दांडी फिरवायची. चालवायला दोघं तयार, दुर्वा आणि रघुवीर, जागा एक. शनिवारी सर निवड करणार होते. दांडी कशी चालावी हे ज्याचं त्याने ठरवायचं होतं. एका पद्धतीत दांडी डावीकडे केली की रोबोट त्याच्या स्वतःच्या डावीकडे जातो; तो आपल्याकडे तोंड करून आला की सगळं उलटं. दुसऱ्या पद्धतीत आपण दांडी जिकडे करू तिकडे तो जातो, त्याचं तोंड कुठेही असो. रघुवीरने दुसरी घेतली. कोणीही शहाणा तीच घेईल.

"दुसरी? ती आळशांची!" जयवंतराव म्हणाले. "दुर्वा, आपल्या घराण्यात समोरच्याचं डावं बघतात." आणि हातात सांडशी घेऊन ते स्वतःच रोबोट होऊन तिच्यापुढे चालायला लागले. चाळीने दोन दिवस फुकट तमाशा बघितला.

दुर्वा रडकुंडीला आली. रोबोट पाठमोरा असला की सरळ जायचा, तोंड फिरवून आला की भिंतीवर आपटायचा. रोबोट चालवायचं वेड त्या पोरीने उराशी धरलं होतं, आणि आजोबांना नाही म्हणायची हिंमत नव्हती.

"काका, मी दुसरी पद्धत घेतली तर आजोबा बोलणं बंद करतील?" तिने मला विचारलं.

"केलं तर चाळ पेढे वाटेल," मी म्हणालो. ती हसली नाही. मला माझीच लाज वाटली.

शुक्रवारी सराव घरातच चालला होता. मी दारात उभा होतो. मालनवहिनी पाटावर चढून फळीवरचा कोकमाच्या सोलांचा डबा काढत होत्या. रोबोट दुर्वाकडे तोंड करून आला, तिची दांडी चुकली आणि तो थेट पाटावर धडकला. वहिनी खाली बसल्या, सोलं घरभर.

"डावं त्याचं गं, त्याचं!" जयवंतराव ओरडले.

वहिनी बसल्या जागेवरून म्हणाल्या, "त्या खोक्याच्या जागेर उभ्या रवाचा म्हणतास. माझ्या जागेर कधी उभे रवलास? ही फळी कोणाच्या मापान मारलास? संपापासून मी पाटार चढतंय. चेडवाचा चेडवाक ठरवंदे, दुर्वाचा दुर्वाक."

जयवंतराव खाली बसून सोलं वेचायला लागले.

शनिवारी गुडघ्याचं निमित्त करून ते शाळेत गेले नाहीत. मालनवहिनी भाजीला गेल्या, तेवढ्यात शेजारून हातोडीचा आवाज आला. डोकावून बघतो, तर जयवंतराव गुडघे वाकवून वहिनींएवढे झालेले, हात वर करून भिंतीवर फळीचा अंदाज घेत होते. गुडघा दुखत होता, हे त्या क्षणी खरं असावं.

दुपारी दुर्वा धावत आली. "आजोबा, माझी निवड झाली! पण मी दुसरी पद्धत घेतली."

"बरं केलंस," ते म्हणाले, आणि तिला पाणी द्यायला माठाकडे वळले. वाकून वर येताना कपाळ फळीवर असं आपटलं की मला माझ्या खोलीत ऐकू आलं.

तेव्हापासून दिवसातून एकदा तरी तो आवाज येतो. परवा वहिनींनी विचारलं, "वर घेतास काय परत?"

"नको," जयवंतराव कपाळ चोळत म्हणाले. "लागांदे."