मापाची काठी

लाकडाच्या काठीवर जळणारा माणूस तुम्ही कधी पाहिला नसेल, तर मला बघून घ्या. पुरुषभर उंचीची ती काठी, तिच्यावर लाल-पांढरे पट्टे. आजही तिचा विषय निघाला की माझ्या पोटात दुखतं.

आम्ही कोल्हापूरची माणसं. समुद्र आमच्या वाट्याला आलेला नाही, त्यामुळे त्याचं कौतुक जरा जास्तच. मी, माझी बायको आणि आणखी चार-पाच हौशी मंडळी रविवारी सकाळी जीप काढतो, गगनबावड्याला चहा घेतो, घाट उतरतो आणि किनाऱ्यावर जुन्या खुणा शोधत हिंडतो. वाळूत रुतलेली गलबतं, गंजलेले नांगर, पडके धक्के. जे सापडेल ते मोजायचं, त्याची जागा टिपायची, फोटो काढायचे. पगार नाही, भत्ता नाही. दुपारी मासे मात्र पोटभर.

फोटोतली वस्तू केवढी आहे ते कळायला तिच्या शेजारी ठाऊक उंचीचं काहीतरी असावं लागतं. सुरुवातीला ते काहीतरी म्हणजे मी होतो. सगळ्यांत उंच मी, आणि कॅमेरा घरचाच, बायकोच्या हातात. त्यामुळे कोकणच्या निम्म्या किनाऱ्यावर मी उभा आहे. नांगराशेजारी कमरेवर हात ठेवून, धक्क्यावर क्षितिज न्याहाळत, मोडक्या सुकाणूला रेलून. तरुणपणी हौशी नाटकांत भाला घेऊन उभं राहण्याची कामं केली होती, ती विद्या अशी फळाला आली.

या सगळ्या फोटोंचं प्रदर्शन कोल्हापुरात भरवायचं ठरलं, तेव्हा मी चहाच्या टपरीवर जाहीर करून टाकलं, "या की बघायला. भिंतीभर मीच हाय."

आणि मग मास्तर आले. चित्रकलेचे निवृत्त मास्तर, आमच्यात नव्यानेच सामील झालेले. त्यांनी माझे फोटो टेबलावर पसरले आणि चष्मा कपाळावर सरकवला.

"पावणं, ह्यात पायात चपला हायत. ह्यात न्हाईत. ह्यात गुडघा वाकवलाय. आणि ह्यात तर फेटा! माप फेट्यासकट धरायचं का फेटा सोडून?"

"फेटा शोभतोय की."

"लई शोभतोय. पर गलबत केवढं ते कळंना."

पुढच्या रविवारी ते घरी बनवलेली काठी घेऊनच आले. जीपमध्ये ती मावेना, म्हणून तिरकी ठेवली, आणि तिचं टोक नेमकं माझ्या मांडीवर आलं. माझी जागा बळकावायला निघालेलीला मीच घाटातल्या वळणावळणाला सावरत होतो. खाली उतरल्यावर बायकोने तिचा पहिला फोटो काढला आणि अशा कौतुकाने म्हणाली, की तो स्वर मी लग्नानंतर फारसा ऐकलेला नाही.

"किती सरळ उभी राहते! हलत नाही, बोलत नाही."

मास्तर लाजले. मी वाळूत रेघोट्या मारत बसलो.

एकेका जागेचे फोटो पुन्हा निघाले आणि एकेका जागेवरून मी पुसला गेलो. शेवटी उरलं एक गलबत. मोठ्या ओहोटीलाच त्याच्या काळ्या बरगड्या उघड्या पडतात. प्रदर्शनाआधीची शेवटची फेरी होती. भिंतीवर लागायची माझी शेवटची संधीही तीच. पिशवीत मी फेटा लपवून नेला होता.

तिथे काठी उभीच राहीना! मऊ चिखलात रोवली की कलायची आणि आडवी व्हायची. माझ्या जिवाला काय गारवा वाटला म्हणून सांगू! पिशवीत हात घालून मी खाकरलो, "मग, उभा राहू?"

"राहा की," बायको म्हणाली. "काठी धरून."

भरती सुरू झाली होती. पाणी गुडघ्याला लागलं, मग मांडीला.

"अहो, बाजूला सरका. पोट येतंय."

सरकलो.

"आता डोकं येतंय."

"डोकं कुठं ठेवू?"

"माझ्या फोटोत नको."

कोरड्या वाळूतून मास्तर ओरडले, "पावणं, काठी सरळ! कलली की माप गेलं!"

एक लाट आली आणि काठी ओढू लागली. बोटं सैल करायची खोटी, ती थेट समुद्रात गेली असती. पण मागे बरगड्या एकेक करून पाण्याखाली चालल्या होत्या. त्या पुन्हा कधी दिसतील, दिसतील की नाही, कुणी सांगावं? मी दात-ओठ खात, अंग बाहेर आणि हात आत, असा काठी धरून राहिलो. कॅमेरा वाजला.

प्रदर्शनात तोच फोटो सगळ्यांत मोठा, अगदी दारासमोर. बरगड्या, काठी आणि कडेने आत आलेला माझा कोपरापर्यंतचा हात. मनगटात हुपरीचं चांदीचं कडं.

टपरीवरचे दोस्त आले. "कुठं हाईस रं तू?"

"ह्यो काय, हात."

"कुणाचा?"

मी बाही कोपरापर्यंत दुमडली आणि फोटोला खेटून, कडं नीट दिसेल असा हात धरून उभा राहिलो. दिवसभर. लोक यायचे, काठी बघायचे, पुढे जायचे. संध्याकाळी एक धोतरवाले आजोबा थांबले. त्यांनी फोटोकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं, परत फोटोकडे पाहिलं. मी कडं जरासं उजेडात फिरवलं.

"पावणं," ते म्हणाले, "जरा बाजूला सरकता का? काठी दिसंना."